उलटे आटे

विडी घरकुलात दुपारचे दोन.
पत्र्याचं दार बोटाला चावेल इतकं ऊन.
गाडी लिंबाखाली लावली, तर मल्लेशम येमूल
माझ्या मागे बघत राहिले,
अजून कोणी येतंय का.
"चालवणार कोण?"
मी, म्हटलं.
"हं," म्हणाले, आणि पोत्याची गाठ सोडायला बसले.

पितळी टॉर्च, मुठीवर चार बोटांची जागा झिजून उजळलेली.
नोझल पाच, तीन नंबरचं तोंडाशी वितळलेलं.
कटरची मान. दोन रेग्युलेटर.
एक निळी नळी, एक लाल,
उन्हानं दोघींचा रंग आता जवळपास एकच.

काय काय बघायचं ते मी वहीत लिहून नेलं होतं.
शाळेच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढली,
चिठ्ठी वाचल्याशिवाय बाटलीला हात लावत नाही.
ऑक्सिजनच्या घड्याळाचा काटा
काही जोडलेलं नसताना दोनवर उभा.
"हा शून्यावर येत नाही."
"मी पण येत नाही," येमूल म्हणाले
आणि शंभर कमी केले.

उंबऱ्यात त्यांची बायको, मांडीवर सूप,
विडीची पानं कापत होती. कात्री एकदाही थांबली नाही.
मध्येच तेलुगूत काहीतरी बोलल्या.
येमूल हसले. मला काही सांगितलं नाही.
मग त्याच उठल्या, वाटीत
भांड्याच्या साबणाचा फेस करून आणला.

ग्रीलवाल्या शेजाऱ्याचे सिलिंडर उसने घेतले.
लाल बाजूचा नट मी सवयीनं उजवीकडे फिरवतेय,
फिरवतेय,
धरतच नाही.
"गॅसचे आटे उलटे, मॅडम. ही नटावरची खाच बघा.
अंधारातपण बोटाला कळलं पाहिजे
काय कुठं लावायचं नाही ते."

निळ्या नळीवर, सांध्यापासून वीतभर पुढे,
एक बुडबुडा आला.
फुगला. विचार करत बसला.
मी म्हटलं, नळ्यांसकट साडेतीन हजार,
तेवढ्या जागेला पट्टी मारून घेईन.

त्यांनी चाव्या बंद केल्या. नळ्यांतला वारा जाऊ दिला.
बायकोपुढे हात केला, कात्री घेतली,
आणि दोन्ही नळ्या मधोमध कापल्या.
"पट्टी मी पण मारली होती."
डावी भुवई दाखवली. अर्धीच होती.
"तीन द्या. नळ्या नवीन घ्या."

निघताना विचारलं, यानं काय काय जोडलंत?
"माग. बिडाचे मोडके पाय, पितळेच्या काडीनं.
कुठला माग कुठं मोडलाय, सगळं पाठ होतं.
परवा त्याच शेडचे चोवीस भंगारात काढले.
शाफ्ट मीच कापले, पाय घणानं फोडले.
वाटलं, आपला जोड आहे तिथं लवकर फुटेल.
बाजूचं बीड फुटलं. जोड तसाच."
पैसे मोजत म्हणाले. दोनदा मोजले.
चष्म्याची पट्टी माझ्या डोक्याच्या मापानं गाठ मारून दिली,
त्याचे पैसे नाही घेतले.

जुळे सोलापूर. गच्ची. नव्या नळ्या.
आधी पिवळी ज्योत, काजळीची जळमटं,
दोरीवरच्या चादरीवर उतरलेली.
मग ऑक्सिजन, केसभर, अजून केसभर,
आणि आवाज बदलला. आत एक पांढरं टोक,
धार काढलेल्या पेन्सिलीएवढं.
कडीचा तुकडा जोडला.
जोड दिसायला गुळाच्या ढेपेसारखा.
दारावर दोनदा आपटला, टिकला.

एकच अडचण झालीय.
चौथ्या दिवशी पाणी येतं, पिंप भरतं,
मी नळ बंद करायला जाते
आणि हात डावीकडे फिरतो.
सगळी भिजते.